राजीनामा सगळ्यात शेवटी

या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : आहे ती नोकरी सोडून मनासारखं काम करायचं आहे, पण पाय निघत नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मी नऊ वर्षं हिशेब विभागात आहे. पगार बरा आहे, सहकारीही चांगले आहेत. तरी सुट्टी संपत आली की पोटात गोळा येतो. मला कामाचाच कंटाळा आलाय की मी नुसती थकलेय, हे ओळखायचं कसं?

उत्तर : ‘नोकरी नको’ या दोन शब्दांखाली तीन वेगळी दुखणी लपलेली असतात. काम आवडत नाही, जागा आवडत नाही, किंवा ओझं झेपत नाही. क्षेत्र बदलण्याचा उपाय फक्त पहिल्यावर चालतो. त्रास साहेबांचा असेल तर तेच काम दुसरीकडे करून बघा. ओझ्याचा असेल तर क्षेत्र बदलणं उलट अंगावर येतं, कारण नव्या कामाचं पहिलं वर्ष जुन्यापेक्षा जास्त दमवतं आणि तुम्ही तिथे आधीच रिकाम्या होऊन पोचता.

दुखणं कोणतं ते आठवून सांगता येत नाही. दिवसभरातला सगळ्यात वाईट अर्धा तास संध्याकाळी अख्खा दिवस झाकून टाकतो. म्हणून तीन आठवडे, म्हणजे कामाचे १५ दिवस, वही ठेवा. रकाने पाच : काय केलं, किती वाजता, सोबत कोण, सुरू करताना कसं वाटलं, संपल्यावर कसं वाटलं. वाटण्याला −२ ते +२ गुण द्या. नोंद काम संपल्यापासून तासाभराच्या आत करा. रात्री बसून वही भरली तर ती वही नव्हे, तक्रारवही होते.

एका दिवसाची नोंद अशी दिसेल : ‘मंगळवार. १०.४० ते १२.१५, थकीत बिलांची यादी जुळवली, एकटी, −१, मग +१. १२.१५ ते १२.५०, त्याच यादीवर बैठक, वरिष्ठ आणि विक्रीवाले, ०, मग −२.’ या दोन ओळींतही काहीतरी दिसतं. आकडे जुळवताना जीव रमतो आणि त्यांचा जाब देताना कोमेजतो. अशा माणसाने हिशेबाचं क्षेत्र सोडलं तर हातातलं चांगलं तेच जाईल.

पंधरा दिवसांनी नोंदी तीनदा चाळा : एकदा कामानुसार, एकदा माणसांनुसार, एकदा वेळेनुसार. उणे गुण एकाच माणसाभोवती गोळा झाले असतील तर प्रश्न जागेचा. ठरावीक कामांभोवती असतील तर कामाचा. आणि पूर्वी आवडायची ती कामंही उणे, सुट्टीचा दिवसही उणे, असं असेल तर तो थकवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची तीन लक्षणं दिली आहेत : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि हातून नीट काम होत नाही असं वाटणं. तिथे तो आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदला आहे. पण झोप आणि भूक दोन्ही बिघडली असेल तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. त्या अवस्थेत राजीनाम्याचा निर्णय घेऊ नये.

प्रश्न कामाचाच निघाला, तरी नेमकं काय कमी आहे ते बघा. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात समाधान देणाऱ्या कामाची पाच अंगं मांडली, ती आजही कामाला येतात : कामात वैविध्य असणं, तुकडा नव्हे तर पूर्ण काम हाती असणं, त्याचा कुणालातरी उपयोग होणं, कसं करायचं ते ठरवण्याची मोकळीक, आणि जमलं की नाही ते कामातूनच कळणं. पाचही गायब असतील तर निघा. एकच गायब असेल तर आधी आहे तिथेच कामाचा पाचवा हिस्सा बदलून मागा. मोघम ‘वेगळं काही द्या’ म्हटलं की काहीच मिळत नाही. ‘दर महिन्याची वसुली यादी मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळते, आठवड्याची बैठक दुसऱ्या कुणाकडे द्या’ असं मागितलं तर निदान हो किंवा नाही असं उत्तर तरी येतं. नाही आलं तर तीही माहितीच.

प्रश्न : सहा महिन्यांचा पगार बाजूला पडला की नोकरी सोडावी असं सगळे सांगतात. तेवढा पुरेल का?

उत्तर : पगार नव्हे, खर्च मोजायचा. आणि सहा हा आकडा कुणाच्याच मापाने शिवलेला नाही.

मागच्या १२ महिन्यांचं बँकेचं खातं समोर घ्या. आठवणीतून केलेला हिशेब नेहमी कमी भरतो, कारण वर्षातून एकदा येणारे खर्च आठवतच नाहीत. समजा तुमचा महिन्याचा खर्च १०० आहे. वर्षाचे हप्ते, फी, दुरुस्त्या मिळून १८० होत असतील तर महिन्याला १५ वाढले. मालक आज जे भरतो, म्हणजे आरोग्यविमा, फोन, लॅपटॉप, प्रवास, ते १२. नव्या कामाचा स्वतःचा खर्च ८. नोकरीसाठी होणारा जो खर्च वाचेल तो वजा १०. शंभराचे झाले १२५.

आता काळ. नव्या कामाची कमाई घरखर्चाला पुरायला जितके महिने लागतील असं वाटतं, त्याची दीडपट करा. आठ वाटत असतील तर १२ धरा. या काळात कमाई अगदी शून्य नसेल. सुट्टीच्या दिवशी करून पाहिलेल्या कामावरून सरासरी ४० येईल असं दिसत असेल तर दरमहा तूट ८५, बारा महिन्यांची १०२०. आजारपण, बंद पडलेली गाडी अशांसाठी तीन महिन्यांचा खर्च वेगळा : ३७५. एकूण १३९५, म्हणजे आजच्या खर्चाचे जवळजवळ १४ महिने. याच घरात दुसरं कुणी ६० कमावत असेल तर तूट २५ वर येते आणि एकूण गरज ६७५ होते. काम तेच, स्वप्न तेच, रक्कम निम्म्याहून कमी. म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये.

साठवताना एक तालीम करा. पगार झाला त्याच दिवशी, नवी कमाई जेवढी असेल असं वाटतं तेवढी ठेवून बाकी रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि तीन महिने तेवढ्यात राहा. पहिला महिना उत्साहात निघतो. तालीम मोडते ती तिसऱ्या महिन्यात, जेव्हा तिमाही बिलं येतात आणि उत्साह संपलेला असतो. मोडली तर वाईट वाटून घेऊ नका. राजीनाम्यानंतर मोडण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

कर्जाचं जे काही करायचं ते नोकरीत असतानाच करा. मुदत वाढवून हप्ता कमी करून घेणं, महागड्या व्याजाचं कर्ज फेडणं, ही कामं पगाराची पावती असताना होतात. नंतर तोच बँकवाला वेगळ्याच नजरेने बघतो. निवृत्तीसाठी ठेवलेल्या पैशाला हात लावू नका, तो या गणितात धरूच नका.

आणि थांबायची रेघ आधीच लिहून ठेवा : ‘शिल्लक पाच महिन्यांच्या खर्चावर आली की नोकरीसाठी अर्ज सुरू.’ रेघ शून्यावर ओढणारा माणूस पहिली मिळेल ती नोकरी धरतो, आणि ती बहुधा सोडलेल्या नोकरीपेक्षा वाईट असते. आगीतून फुफाट्यात जाणं याला म्हणतात.

प्रश्न : मी कार्यालयात काम करतो, पण खरा जीव लाकूडकामात. मित्रांना कपाटं, टेबलं करून दिली, सगळे खूश आहेत. यावर पोट भरेल का?

उत्तर : मित्रांची पसंती हिशेबात धरू नका. अनोळखी माणसाने पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या तीन वस्तू हाच पुरावा. नोकरी न सोडता त्या तीन ऑर्डरी पूर्ण करा आणि प्रत्येकीच्या वेळेची नोंद ठेवा. अमेरिकेतल्या नवउद्योजकांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की नोकरी सांभाळत व्यवसाय सुरू करून मग पूर्णवेळ उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याचा धोका थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. त्यामागे भित्रेपणा नाही. चुका पगारावर बसून करता येतात, एवढंच.

एका पुस्तकांच्या कपाटाची वेळनोंद साधारण अशी येईल : गिऱ्हाइकाशी बोलणं, मापं, चित्र ३ तास. लाकूड निवडणं, आणणं ४. कापणी, सांधे, जोडणी १४. घासणं आणि पॉलिश ६. पोचवणं, भिंतीला टेकवून बसवणं २. बिल आणि उरलेल्या पैशांसाठीचे फोन दीड. एकूण साडेतीस तास, त्यात हत्यार हातात असलेले २०. उरलेला तिसरा हिस्सा तुम्हाला सहन होतो का, हे बघा. छंदाचा धंदा करणाऱ्यांचं समाधान मोडतं ते इथे. लाकडाचा कंटाळा येत नाही. ‘रंग थोडा गडद नाही का झाला?’ या फोनचा येतो.

दुसरी मोडण्याची जागा म्हणजे दर. महिन्याला १०० घरी न्यायचे, म्हणजे वर्षाला १२००, आठवड्याला ४० तास आणि वर्षाचे ४८ आठवडे म्हणजे १९२० तास, भागाकार ०.६३. बहुतेक नवखे हाच दर लावतात. पण ज्याचे पैसे मागता येतात असे तास त्यातले जेमतेम १००० निघतात. बाकीचे दर सांगण्यात, खरेदीत, हत्यारांच्या डागडुजीत, रिकामं बसण्यात जातात. कर २० टक्के धरला तर हातात १२०० यायला नफा १५०० हवा. जागा, पाती, वीज, विमा मिळून ३००. झाले १८००, आणि दर तासाला १.८. पहिल्या दराच्या जवळजवळ तिप्पट. तीन ऑर्डरी या दराने मागून बघा. गिऱ्हाईक मिळालं तर धंदा आहे, फक्त ०.६३ ला मिळत असेल तर तो छंदच राहू द्या, किंवा वस्तू बदला. सगळ्यांना लागतं ते साधं टेबल कारखान्याशी स्पर्धेत हरतं. तिरक्या भिंतीच्या कोपऱ्यात बसणारं कपाट कारखाना करून देत नाही.

एक इशारा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना त्यासाठी पैसे दिले, ते पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे कमी वळले. तेव्हा वर्षातून एखादी वस्तू विकायची नाही या बोलीवर करा.

प्रश्न : वय ४४. अठरा वर्षं उत्पादन विभागात काढली. आता लोकांना शिकवण्याच्या, प्रशिक्षणाच्या कामात जायचं आहे. अर्ज केला की ‘अनुभव नाही’ हे एकच उत्तर येतं. एखादा कोर्स करू का?

उत्तर : कोर्सचे पैसे भरायच्या आधी अशा कामाच्या २० जाहिराती गोळा करा आणि प्रत्येकीत काय मागितलंय त्यावर खुणा करा. एखादं प्रमाणपत्र १२ जाहिरातींत असेल तर घ्या. तिघांतच असेल तर ते तुम्हाला विकायला काढलंय, तुमच्याकडून मागितलेलं नाही.

क्षेत्र आणि भूमिका दोन्ही एकदम बदलू नका. मालकाला एका वेळी एकच अनोळखी गोष्ट पचते. म्हणून आधी उत्पादनाच्याच क्षेत्रात प्रशिक्षकाची भूमिका, आणि दोनेक वर्षांनी हवं तर दुसरं क्षेत्र. पहिली पायरी बहुधा तुमच्याच कारखान्यात सापडेल : नव्या ऑपरेटरांना कुणीतरी शिकवतच असतं, आणि ते काम कुणालाच नको असतं.

बायोडेटात आज बहुधा असं काही असेल : ‘उत्पादन पर्यवेक्षक म्हणून सर्व जबाबदाऱ्या यशस्वीपणे पार पाडल्या.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी : ‘दर तिमाहीला ६ नवे ऑपरेटर ४ आठवड्यांत एकट्याने यंत्र चालवण्याइतके तयार केले, त्यासाठी १२ पानी सचित्र सूचना लिहिल्या.’ अठरा वर्षांतून असे पाच खरे प्रसंग काढा, आकड्यांसह. वय तिथे झाकू नका, पण दहा वर्षांपूर्वीच्या नोकऱ्यांना प्रत्येकी एक ओळ पुरे.

आणि ओळखी. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलेल्या पाहणीत, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटणारे सुमारे १७ टक्केच होते. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे. जवळच्या मित्राला जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असतं. म्हणून जुना सहकारी, पूर्वीचा पुरवठादार, दुसऱ्या विभागातून गेलेला कुणी, अशा दहा जणांकडे २० मिनिटं मागा. नोकरी मागू नका. असं विचारा : ‘मागच्या मंगळवारी तुम्ही सकाळपासून काय काय केलं?’ ‘या कामात लोक कशाला कंटाळून सोडून जातात?’ ‘मी आणखी कुणाशी बोलू?’ तिसरा प्रश्न विसरू नका, पुढची ओळख त्यातूनच निघते. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना स्वतःकडे लक्ष ठेवा. प्रशिक्षकाचा मंगळवार बराचसा हजेरीपत्रकात आणि खोली मिळवण्यात जातो.

प्रश्न : नवऱ्याचा विरोध आहे. म्हणतो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस.

उत्तर : त्यांना वरचा हिशेब दाखवलात का? बहुतेक घरांत भांडण स्वप्नावरून होत नाही; किती पैसे, किती दिवस आणि जमलं नाही तर काय, हे तीन आकडे न सांगितल्यामुळे होतं. ते लिहून समोर ठेवा आणि थांबायची रेघ त्यांना ठरवू द्या. तरीही नकार असेल तर तीन महिन्यांच्या तालमीपुरती संमती मागा.

प्रश्न : सगळी तयारी झाली आहे. राजीनामा द्यायचा क्रम काय असावा?

उत्तर : तोंड उघडायच्या आधी नेमणुकीचा करार वाचा. नोटीस पिरियड किती, बोनस कोणत्या तारखेला हातात पडतो, शिल्लक रजेचं काय, प्रशिक्षणाचा खर्च परत मागण्याचं कलम आहे का, आणि तशाच धंद्यात जायला मनाई आहे का. नोकरीत असतानाच बाहेरचं काम करणार असाल तर त्याला परवानगी लागते का, हे त्याहीआधी बघा. बोनसच्या आठवडाभर आधी राजीनामा देणारे दरवर्षी सापडतात.

मग कागद : पगारपत्रकं, कराचे दाखले, बढतीची पत्रं. कामाच्या लॅपटॉपवरचे घरचे फोटो, वैयक्तिक पासवर्ड काढून घ्या. मालकाच्या फायली, गिऱ्हाइकांच्या याद्या, तुम्ही स्वतः बनवलेली पत्रकंसुद्धा, सोबत नेऊ नका. गोडीत चाललेला निरोप वकिलापर्यंत जातो तो बहुतेक वेळा याच एका चुकीमुळे.

आरोग्यविमा अनेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो. नवा त्याच्या आधी सुरू झालेला हवा, आणि जुन्या आजारांसाठी किती थांबावं लागेल ते विचारून घ्या. दातांची, डोळ्यांची रखडलेली कामं आधीच्या विम्यात बसत असतील तर उरकून टाका.

सांगताना आधी साहेबांना समोरासमोर, सहकाऱ्यांना नंतर, पत्र त्याच दिवशी. पत्र चार ओळींचं : ‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नोटीस पिरियडनुसार माझा शेवटचा दिवस अमुक तारीख असेल. तोवर काम सुपूर्द करण्यात पूर्ण सहकार्य करेन. इथे मिळालेल्या संधीबद्दल आभार.’ कारणं, सल्ले, नऊ वर्षांची साचलेली मळमळ यातलं काही त्यात नको. ते पत्र फाइलमध्ये राहतं, आणि पाच वर्षांनी कुणीतरी तुमच्याबद्दल विचारायला फोन करतं तेव्हा उघडलं जातं.

पगार वाढवून थांबवायचा प्रयत्न होईल. त्या क्षणी विचार करू नका, वही उघडा. उणे गुण पगारामुळे होते का? नसतील तर वाढीव पगाराने तो मंगळवार बदलणार नाही.

काम सुपूर्द करताना प्रत्येक कामाला एक पान : काय, कधी, फायली कुठे, कुणाला विचारायचं, आणि नेहमी कुठे अडतं. शेवटचा रकाना सगळे वगळतात, आणि नंतर येणारे फोन त्याच्यापायीच येतात.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी नोकरी सोडली. आता रोज सकाळी चूक केली असं वाटतं. परत जाऊ का?

उत्तर : चौथा महिना निकालाचा नसतो. नवलाई संपलेली असते, कमाई रुळलेली नसते. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी तळ्यात-मळ्यात असलेल्या हजारो लोकांना नाणं उडवून निर्णय घ्यायला सांगितलं होतं. त्यात मोठ्या प्रश्नांवर बदल करणारे सहा महिन्यांनी, न करणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी आढळले. सहा महिन्यांनी, हे लक्षात घ्या.

तोवर दोन गोष्टी बघा. एक, दिवसाला आकार आहे का? उठायची, कामाला बसायची आणि काम बंद करायची वेळ ठरलेली नसेल तर जो पस्तावा वाटतो तो निर्णयाचा नसून विस्कटलेल्या दिवसाचा असू शकतो. दोन, कमाईऐवजी दर आठवड्याला किती जणांकडे काम मागितलं ते मोजा. दहा वेळा मागून नकार येत असेल तर वस्तूत, दरात किंवा सांगण्यात काहीतरी चुकतंय, आणि ते दुरुस्त करता येतं. आकडा दोन-तीनवरच असेल तर बाजाराने तुम्हाला अजून नाकारलेलंच नाही.

रेघ ओढली होती ना? शिल्लक तिथवर आली असेल तर आजच अर्ज सुरू करा, अर्धवेळ कामाचेही. बायोडेटात हे चार महिने रिकामे सोडू नका. काय केलं, कुणासाठी केलं, ते दोन ओळींत लिहा.